शोधनिबंध परीक्षकांपर्यंत पोहोचण्याआधीच परत येतो तेव्हा

मानसशास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवलेला शोधनिबंध परीक्षकांच्या हाती पडण्याआधीच परत येतो, दुरुस्त करून पाठवला की पुन्हा परत येतो आणि दर खेपेला कारण मात्र नवेच निघते, ही तक्रार ठाणे आणि नवी मुंबईतील संशोधक विद्यार्थ्यांकडून व सहकारी प्राध्यापकांकडून मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. पीएचडीचे काम झालेले असते, मार्गदर्शकांनी मजकूर वाचलेला असतो, इंग्रजीही कोणाकडून तरी तपासून घेतलेले असते, तरीही निबंध दारातच अडतो आणि त्यात महिनोन्‌महिने जातात. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक मार्ग धरतात. एक तर नियतकालिक बदलून तीच फाइल दुसरीकडे पाठवतात, नाही तर संदर्भसूचीतील स्वल्पविराम आणि पानाचे समास यांच्या मागे लागतात. दोन्ही मार्गांनी मूळ अडचण जागच्या जागी राहते, कारण निबंध नेमका कोणत्या टप्प्यावरून परत आला हेच कोणी पाहिलेले नसते.

परत येण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात निबंध नियतकालिकाकडे पोहोचलेलाच नसतो. दुसऱ्यात संपादकीय कार्यालयाने तांत्रिक तपासणीत तो थांबवलेला असतो. तिसऱ्यात संपादकांनी स्वतः वाचून, परीक्षकांकडे न पाठवताच तो नाकारलेला असतो. आपल्याकडे तिन्ही वेळा ‘पेपर रिजेक्ट झाला’ असेच म्हटले जाते, परंतु खरा नकार केवळ तिसऱ्या प्रकारात असतो. कार्यालयाने थांबवलेला निबंध सांगितलेली दुरुस्ती करून त्याच नोंदीखाली पुन्हा सादर करायचा असतो, आणि त्या अवस्थेत घाईने दुसरे नियतकालिक गाठणे म्हणजे हाताशी आलेली संधी आपणच सोडून देणे होय. उलट, संपादकांनी नाकारलेला निबंध किरकोळ बदल करून त्याच ठिकाणी नवा म्हणून पाठवणे बहुतेक नियतकालिकांना मान्य नसते.

प्रकार ओळखण्यासाठी आलेली ई-मेल शेवटपर्यंत वाचावी आणि पोर्टलवर लॉग-इन करून निबंधाचे स्टेटसही पाहावे. ‘सेंट बॅक टू ऑथर’ किंवा ‘अनसबमिटेड’ असे लिहिलेले असेल तर ते काम कार्यालयाचे आहे. पत्रात ‘डिसिजन’ हा शब्द असेल आणि खाली संपादकांचे नाव असेल, तर निर्णय झालेला आहे असे समजावे.

पोहोचलाच नसेल तर

मानसशास्त्राची बरीच नियतकालिके एडिटोरियल मॅनेजर किंवा स्कॉलरवन या दोनपैकी एखाद्या प्रणालीवर निबंध स्वीकारतात. एडिटोरियल मॅनेजरमध्ये सर्व फाइल अपलोड झाल्या की प्रणाली त्या जोडून एकच पीडीएफ तयार करते. लेखकाने ती पीडीएफ उघडून पाहावी आणि मगच ‘अप्रूव्ह सबमिशन’ या दुव्यावर क्लिक करावे, अशी अपेक्षा असते. पीडीएफ तयार व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात महाविद्यालयाची संगणक खोली बंद व्हायची वेळ होते, लेखक अपलोड झाले या समाधानात घरी जातो आणि निबंध ‘सबमिशन्स वेटिंग फॉर ऑथर्स अप्रूव्हल’ या रकान्यात पडून राहतो. पुढे पोर्टलकडून स्मरणपत्र येते किंवा नोंद काढून टाकली जाते, आणि तो निबंध परत आल्यासारखा वाटतो. स्कॉलरवनमध्येही शेवटच्या पायरीवर ‘सबमिट’चे बटण दाबेपर्यंत निबंध अनसबमिटेडच राहतो. याची एकच खूण लक्षात ठेवावी: हस्तलिखित क्रमांक देणारी ई-मेल आली नसेल, तर निबंध गेलेला नाही.

ती ई-मेल कोणत्या पत्त्यावर येणार आहे, हेही आधी पाहावे. महाविद्यालयाने दिलेला विद्यार्थ्याचा ई-मेल पत्ता अभ्यासक्रम संपल्यावर बंद होऊ शकतो, तर परीक्षणाची प्रक्रिया त्यानंतरही कित्येक महिने चालू राहते. काही नियतकालिके सहलेखकांनाही ई-मेल पाठवून ‘आपण या निबंधाचे लेखक आहात का’ याची खात्री करून घेतात. मार्गदर्शकांच्या स्पॅममध्ये ती ई-मेल पडून राहिली की निबंध तेथेच थांबतो. सबमिट केल्याच्या दिवशीच सर्व सहलेखकांना फोन करून ही ई-मेल उघडायला सांगावी.

कार्यालयाने थांबवला असेल तर

येथे सर्वांत जास्त वेळा अडचण येते ती लेखकाची ओळख झाकण्यात. मास्क्ड रिव्ह्यू, म्हणजे निबंध कोणाचा आहे हे परीक्षकाला कळू नये अशी व्यवस्था, मानसशास्त्राच्या अनेक नियतकालिकांत असते, आणि त्यासाठी शीर्षकपृष्ठाची फाइल वेगळी व मुख्य मजकुराची फाइल वेगळी मागितली जाते. पहिल्या पानावरून नाव काढले की काम झाले, असे आपल्याकडे समजले जाते. मी ज्या फाइल पाहिल्या आहेत त्यांत नाव पहिल्या पानावर नसते, ते इतर ठिकाणी असते. मार्गदर्शकांनी ट्रॅक चेंजेस लावून केलेल्या दुरुस्त्या त्यांच्या नावानिशी समासात तशाच असतात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑथर’ म्हणून विद्यार्थिनीचे पूर्ण नाव असते. फाइलच्या नावातच आडनाव आणि ‘फायनल’ हा शब्द असतो. ऋणनिर्देशात प्राचार्यांचे, विभागप्रमुखांचे आणि ग्रंथपालांचे आभार मानलेले असतात. आणि ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही ते म्हणजे परिशिष्ट: तेथे संमतीपत्राचा नमुना महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, संशोधिकेच्या मोबाइल क्रमांकासह, स्कॅन करून जोडलेला असतो.

यावर उपाय असा. मुख्य फाइलची वेगळी प्रत करावी. त्या प्रतीतील सर्व बदल स्वीकारून टिपणे पुसावीत. नंतर वर्डच्या ‘फाइल’ मेनूतील ‘इन्फो’मध्ये जाऊन ‘चेक फॉर इश्यूज’खालील ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवावे आणि वैयक्तिक माहिती काढून टाकावी. त्यानंतर फाइलमध्ये आपले आडनाव, मार्गदर्शकांचे आडनाव, महाविद्यालयाचे नाव आणि विद्यापीठाचे नाव असे चार शब्द एकेक करून शोधावेत. या शोधात बहुतेक सगळे सापडते. स्कॅन केलेल्या चित्रातील मजकूर मात्र शोधात येत नाही, म्हणून परिशिष्टे डोळ्यांनीच पाहावीत.

या झाकाझाकीत उलट टोकाला जाऊन नमुन्याचे वर्णनच पुसणारे लेखकही असतात. ‘भारतातील एका शहरातील एक महाविद्यालय’ एवढेच लिहिले, तर परीक्षकाला काहीच कळत नाही. शहराचे नाव हा विदेचा (गोळा केलेल्या माहितीचा, म्हणजे डेटाचा) भाग आहे, तो ठेवावा. संस्थेचे नाव तेवढे काढावे. ‘ठाणे शहरातील एका अनुदानित महाविद्यालयातील मराठी माध्यमातून शालेय शिक्षण झालेले विद्यार्थी’ या वाक्यातून ओळख उघड होत नाही आणि वाचकाला हवे ते सारे मिळते. आपल्याच पूर्वीच्या संशोधनाचा उल्लेख ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ असा न करता, एखाद्या त्रयस्थाच्या कामाचा करावा तसा करावा. आपल्या संदर्भाच्या जागी ‘परीक्षणासाठी झाकले आहे’ असे लिहावे की नाही, हे त्या त्या नियतकालिकाच्या सूचना पाहून ठरवावे. विदा ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधन-साहित्य ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवली असेल तर तेथे निनावी ‘व्ह्यू-ओन्ली’ दुवा तयार करता येतो. परंतु तो दुवा प्रकल्पात नोंदवलेल्या संशोधकांची नावे लपवतो, आत ठेवलेल्या फाइलमध्ये लिहिलेली नावे लपवत नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण खास आपली आहे. मराठी प्रश्नावली परिशिष्टात जोडायची असते आणि ती स्टेशनजवळच्या एखाद्या डीटीपी केंद्रात कृतिदेवसारख्या, युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरप्रणाली) नसलेल्या फाँटमध्ये टाइप झालेली असते. आपल्या संगणकावर तो फाँट असल्यामुळे मजकूर स्वच्छ दिसतो. पोर्टलच्या सर्व्हरवर तो नसतो, त्यामुळे तयार झालेल्या पीडीएफमध्ये ‘माझे’ या साध्या शब्दाच्या जागी दोन रोमन अक्षरे, मग गणितातील ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आणि पुन्हा एक रोमन अक्षर असा मजकूर उमटतो. परदेशातील कार्यालयात बसलेल्या कर्मचाऱ्याला ही मराठी आहे की बिघडलेली फाइल, हे कळण्याचा मार्ग नसतो. तो ‘परिशिष्टाची फाइल खराब आहे’ एवढेच लिहून निबंध परत पाठवतो, आणि लेखक तीच फाइल पुन्हा अपलोड करतो.

प्रश्नावली युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घेणे हा यावरचा पक्का उपाय आहे. परिवर्तक वापरून रूपांतर करता येते, पण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होत असल्याने रूपांतरात नेमक्या याच दोन गोष्टी जागा सोडतात. ‘निर्णय’, ‘स्थिती’, ‘कार्य’, ‘परिस्थिती’ असे शब्द शोधून तपासावेत. युनिकोड मजकुरासाठी मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी असा सर्वत्र मिळणारा फाँट वापरावा. वर्डच्या ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या भागात ‘एम्बेड फाँट्स इन द फाइल’ हा पर्याय निवडावा. आणि काही झाले तरी प्रणालीने तयार केलेली पीडीएफ मंजूर करण्यापूर्वी परिशिष्टाचे पान उघडून स्वतः वाचावे. प्रताधिकार असलेली मापनश्रेणी मात्र पूर्णच्या पूर्ण जोडू नये. बेक डिप्रेशन इन्व्हेंटरीसारख्या विकत मिळणाऱ्या चाचणीची विधाने परिशिष्टात छापणे नियमाला धरून नाही. पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी) आणि जीएडी-७ (चिंतेसाठी) या श्रेणी वापरण्यास परवानगी लागत नाही, पण भाषांतर कोणते वापरले आणि ते कोणी केले हे तेथेही सांगावे लागते.

भाषांतराबद्दल निबंधात एखादेच वाक्य असते, ते पुरत नाही. मूळ इंग्रजीवरून मराठी कोणी केले, मराठीवरून पुन्हा इंग्रजी मूळ श्रेणी न पाहिलेल्या व्यक्तीने केले का, दोन्हींतील तफावती कशा सोडवल्या, थोड्या लोकांवर आधी वापरून पाहिले का आणि आपल्या नमुन्यात विश्वसनीयता किती आली, एवढे तरी लिहावे. मूळ लेखकांनी अमेरिकेत काढलेला विश्वसनीयतेचा अल्फा गुणांक उद्धृत करून थांबणारे निबंध पुष्कळ आहेत. वाचकाला हवा असतो तो आपल्या ठाण्याच्या नमुन्यातील गुणांक.

तिसरी अडचण एथिक्स कमिटीच्या मान्यतेची आहे, आणि येथे मी थोडे कठोर लिहिणार आहे. प्राचार्यांचे परवानगीपत्र म्हणजे एथिक्स कमिटीची मान्यता नव्हे. प्राचार्य आपल्या आवारात विदा गोळा करू देतात. संशोधनात सहभागी होणाऱ्यांचे हित आणि त्यांना असणारा धोका यांचा विचार स्वतंत्र समितीने करायचा असतो. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात काम करायचे असले तरी प्रशासनाची परवानगी आणि समितीची मान्यता या दोन निराळ्या गोष्टी राहतात. कार्यालय समितीचे नाव, मान्यतेचा क्रमांक आणि दिनांक मागते. झाकलेल्या फाइलमध्ये हे नाव काढून ‘लेखकांच्या संस्थेच्या समितीने’ असे लिहावे आणि पूर्ण तपशील शीर्षकपृष्ठावर द्यावा.

विदा गोळा झाल्यावर मिळवलेली मान्यता ग्राह्य धरली जात नाही, आणि मागच्या तारखेचे पत्र करून घेणे हा सरळसरळ गैरव्यवहार आहे. आपल्या महाविद्यालयात समिती नसेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामंजस्य करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीची सेवा घेता येते. हे काम प्रश्नावली वाटण्यापूर्वीच करावे लागते. अकरावी-बारावीचे विद्यार्थी नमुन्यात असतील, तर पालकांची संमती आणि विद्यार्थ्याची स्वतःची लेखी अनुमती अशी दोन्ही कागदपत्रे हवीत. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत १२ ते १८ या वयोगटासाठी लेखी आणि ७ ते १२ साठी तोंडी अनुमतीची अपेक्षा आहे. वर्गात शिक्षिकेने ‘सगळ्यांनी भरून द्या’ असे सांगून घेतलेल्या प्रश्नावलीत विद्यार्थ्याला नाही म्हणण्याची मोकळीक होती का, हा प्रश्न कार्यालयाने विचारला नाही तरी परीक्षक विचारतातच.

उरलेल्या तांत्रिक गोष्टी चटकन उरकता येतात. बहुतेक मानसशास्त्रीय नियतकालिके अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एपीएच्या, सातव्या आवृत्तीची लेखनपद्धती मागतात. सारांश २५० शब्दांपेक्षा मोठा नसावा आणि सूचक शब्द ३ ते ५ असावेत, असे तिचे सर्वसाधारण धोरण आहे. नियतकालिकाची स्वतःची मर्यादा वेगळी असेल तर तीच पाळावी. ओळींमधील अंतर दुहेरी ठेवावे. तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिले नाव आणि ‘एट ऑल’ लिहावे, तर संदर्भसूचीत २० लेखकांपर्यंत सर्वांची नावे द्यावीत. ग्रंथाच्या प्रकाशनस्थळाचा उल्लेख या आवृत्तीत लागत नाही. सूचीतील प्रत्येक डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमस्वरूपी दुवा, क्लिक करून पाहावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून संदर्भ घेण्याचे प्रमाण वाढल्यापासून हे काम टाळता येण्याजोगे राहिलेले नाही, कारण अस्तित्वातच नसलेला एखादा निबंध सूचीत सापडला तर संपादकाचा साऱ्या निबंधावरचा विश्वास उडतो. अशी साधने कोठे आणि कशासाठी वापरली, हेही नियतकालिकाने सांगितलेल्या जागी नोंदवावे.

सारण्या एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या आउटपुटमधून चित्र म्हणून चिकटवू नयेत, त्या वर्डमध्येच तयार कराव्यात. एसपीएसएस लहान संभाव्यता (पी-मूल्य) ‘.०००’ अशी छापते, आणि ती तशीच निबंधात उतरवलेली असते. संभाव्यता शून्य कधीच नसते, म्हणून तेथे ‘पी < .००१’ असे लिहावे. पी-मूल्य, सहसंबंध गुणांक आणि अल्फा यांची किंमत एकाहून मोठी होऊ शकत नसल्यामुळे एपीए पद्धतीत दशांश चिन्हाआधी शून्य देत नाहीत, तर सरासरी, प्रमाण विचलन आणि कोहेनचा डी (दोन सरासरींतील फरकाचे प्रमाणित आकारमान) यांना तो देतात. नुसते ‘फरक सार्थ आढळला’ असे लिहिणे पुरेसे नाही, परिणामाचे आकारमान (फरक किंवा संबंध किती मोठा) आणि विश्वास-अंतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल) दोन्ही द्यावे लागतात. एपीएने २०१८ मध्ये संख्यात्मक, गुणात्मक आणि मिश्र पद्धतींच्या निबंधांत काय काय नोंदवावे याची मानके प्रसिद्ध केली आहेत. त्यांतील आपल्या पद्धतीचा तक्ता समोर ठेवून निबंधाचा पद्धती हा विभाग ओळीने तपासला, तर कार्यालयाची आणि पुढे परीक्षकांची निम्मी पत्रे टळतात, असा माझा अनुभव आहे.

संपादकांनी नाकारला असेल तर

हे पत्र लहान असते आणि म्हणून ते औपचारिक वाटते. ‘आमच्या व्याप्तीत बसत नाही’, ‘सैद्धांतिक योगदान मर्यादित आहे’, ‘आमच्या वाचकांना पुरेसे उपयुक्त नाही’ अशी वाक्ये वाचून लेखक निराश होतो आणि मजकूर जसाच्या तसा पुढच्या नियतकालिकाकडे पाठवतो. माझ्या मते या वाक्यांमागे आपल्या निबंधांत वारंवार दिसणाऱ्या तीन गोष्टी असतात.

पहिली गोष्ट शीर्षकातच असते. ‘समाजमाध्यमांचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आत्मसन्मानावर होणारा परिणाम’ असे शीर्षक असते आणि आत एकाच दिवशी भरून घेतलेल्या दोन प्रश्नावलींमधला सहसंबंध असतो. त्या विदेतून परिणाम सिद्ध होत नाही. आत्मसन्मान कमी असलेले विद्यार्थी समाजमाध्यमांकडे अधिक वळत असतील, किंवा दोन्हींमागे तिसरेच काही असेल, या शक्यता तशाच उभ्या राहतात. संपादक शीर्षक आणि सारांश वाचतो, पद्धतीवर नजर टाकतो, आणि ही विसंगती त्याला तेवढ्यातच दिसते. शीर्षकापासून निष्कर्षापर्यंत ‘परिणाम’, ‘प्रभाव’, ‘मुळे’ हे शब्द शोधून जेथे विदा साथ देत नाही तेथे ‘संबंध’ असे करावे. त्याने निबंधाचे वजन कमी होत नाही, उलट तो विश्वासार्ह होतो.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. ३० मुलगे आणि ३० मुली घेऊन टी-चाचणी करण्याची रीत आपल्याकडे एमएच्या प्रकल्पांपासून इतकी रुजली आहे की ३० हा जणू नियमच वाटतो. मध्यम आकाराचा फरक, म्हणजे कोहेनचा डी ०.५, पाच टक्के सार्थता पातळीवर द्विपुच्छ चाचणीने ८० टक्के वेळा पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात ६४ व्यक्ती लागतात. ३०-३० च्या गटांत तो फरक सापडण्याची शक्यता निम्म्याहूनही थोडी कमी असते. सहसंबंध .३० च्या आसपास अपेक्षित असेल तर सुमारे ८५ व्यक्ती हव्यात. जी-पॉवर हे मोफत मिळणारे साधन वापरून हा हिशेब विदा गोळा करण्याआधी करावा आणि निबंधात लिहावा. विदा आधीच गोळा झाली असेल, तर एवढ्या नमुन्यात किती आकाराचा फरक पकडता आला असता हे सांगावे आणि निष्कर्ष त्या मर्यादेत ठेवावेत. सार्थ फरक आढळला नाही याचा अर्थ फरक नाही असा करू नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपले निबंध ‘ठाण्यात असा अभ्यास झालेला नाही’ या वाक्यावर उभे असतात. एखाद्या शहरात अभ्यास झालेला नसणे हे अभ्यासाचे कारण म्हणून संपादकाला पटत नाही. याचा अर्थ ठाण्याचा नमुना कमी प्रतीचा आहे असा मुळीच नाही. मानसशास्त्राचे बरेचसे ज्ञान पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही समाजांतील नमुन्यांवर उभे आहे, हे जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडल्यापासून इतर समाजांतील विदेचे मोल वाढलेलेच आहे. ते मोल लेखकाने दाखवून द्यायचे असते.

घोडबंदर रस्त्यावरून ऐरोली किंवा महापे येथे रोज कामाला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या थकव्याचा अभ्यास हे उदाहरण घेऊ. प्रास्ताविकाची सुरुवात ठाण्याच्या लोकसंख्येने आणि वाहतूक कोंडीने केली, तर तो स्थानिक अहवाल वाटतो. त्याऐवजी सुरुवात प्रश्नाने करता येते. कामाच्या मागण्या आणि कामातील संसाधने यांच्या तोलावरून थकव्याचा उलगडा करणारे, २००१ मध्ये मांडले गेलेले जॉब डिमांड्स-रिसोर्सेस प्रारूप प्रामुख्याने कार्यालयाच्या आतील गोष्टी मोजते. कार्यालयाबाहेर, प्रवासात जाणारी शक्ती ही या प्रारूपात मागणी म्हणून धरावी का, आणि रोज त्याच सोबत्यांबरोबर लोकल गाडीत होणारा प्रवास उलट संसाधन ठरू शकतो का, हा प्रश्न विचारला की ठाणे-बेलापूर पट्टा तो प्रश्न तपासण्याची योग्य जागा ठरतो. ठाणे आणि नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावरच्या गटागटाने होणाऱ्या प्रवासाचे वर्णन मग प्रास्ताविकात शोभेसाठी येत नाही, पद्धतीच्या विभागात कारणासह येते. ज्या वाचकाने ही गाडी कधी पाहिलेली नाही त्याला चार वाक्यांत हा प्रवास समजावून सांगावा. चर्चेच्या शेवटी निष्कर्ष कोणत्या लोकांना आणि परिस्थितीला लागू होतील, कोणाला होणार नाहीत, हे स्वतंत्र परिच्छेदात लिहावे. ‘कन्स्ट्रेंट्स ऑन जनरॅलिटी’ या नावाने अशा निवेदनाची सूचना २०१७ मध्ये पुढे आली आणि ते लिहिल्याने लेखकाची बाजू भक्कमच होते.

व्याप्तीबाबतचा नकार टाळण्यासाठी नियतकालिकाचे उद्दिष्ट वाचणे पुरेसे नसते, अलीकडच्या दोन वर्षांतील अंकांची अनुक्रमणिका वाचावी. नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजीचे ‘सायकॉलॉजिकल स्टडीज’ हे नियतकालिक भारतीय संदर्भातील संशोधनासाठी विचारात घेण्याजोगे आहे. तेथेही आपल्या विषयाशी संवाद करणारे निबंध कोणते आले आहेत हे पाहून त्यांचा उल्लेख कव्हर लेटरमध्ये करावा. सारख्या नकारांनी कंटाळून पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्यांकडे वळण्याचा मोह होतो, तो आवरावा. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता लेखकावर आणि संस्थेवर अधिक आली आहे.

प्रबंधातून काढलेला निबंध

पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढलेला असला की साम्य तपासणीत आपलाच मजकूर आपल्याविरुद्ध उभा राहतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतील १० टक्क्यांची मर्यादा ही विद्यापीठांसाठीची आहे. नियतकालिकाचा संपादक आकड्यापेक्षा साम्य कोठे आहे ते पाहतो. निबंध प्रबंधावर आधारित आहे हे कव्हर लेटरमध्ये आणि शीर्षकपृष्ठावर आधीच सांगावे. बहुतेक नियतकालिके प्रबंधाला पूर्वप्रकाशन मानत नाहीत, मात्र ते सांगितलेले असावे लागते. प्रबंधातील प्रकरण कापून निबंध करण्यापेक्षा प्रबंध मिटून ठेवून, हाताशी फक्त सारण्या घेऊन निबंध नव्याने लिहावा. साम्यही कमी होते आणि पसाराही.

लेखकांच्या क्रमाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. एपीएच्या नीतिसंहितेनुसार विद्यार्थ्याच्या प्रबंधावर मुख्यत्वे आधारलेल्या निबंधात अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास विद्यार्थी प्रमुख लेखक असतो. मार्गदर्शकांशी हे बोलणे सबमिशनच्या दिवशी करू नये, प्रबंधाचा आराखडा मंजूर होतानाच करावे. नावांपुढे ‘प्रा. डॉ.’ लावू नये. लग्नानंतर आडनाव बदललेल्या लेखिकांनी ओआरसीआयडी या संशोधक-ओळख प्रणालीचा सोळा अंकी क्रमांक काढून तो प्रत्येक निबंधाला जोडावा, म्हणजे दोन्ही नावांखालचे काम एकत्र राहते.

पुन्हा सादर करताना

दुरुस्त फाइलसोबत एक छोटे पत्र द्यावे, ज्यात कार्यालयाने मांडलेला प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा लिहून त्याखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर, हे नोंदवलेले असेल. जुनी फाइल पोर्टलवरून काढून मगच नवी चढवावी. दोन्ही राहिल्या तर प्रणाली त्या दोन्ही जोडून पीडीएफ करते आणि झाकायची नावे पुन्हा उघडी पडतात. कार्यालयाचा एखादा मुद्दा कळला नसेल तर अंदाजाने दुरुस्ती करण्याऐवजी विचारावे. तेथील कर्मचारी रोज हेच काम करतात आणि नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर देतात. निबंध परीक्षणात गेल्यावर तीन महिने काही कळले नाही, तर एकदा विनम्र चौकशी करण्यास हरकत नाही. ही ई-मेल केवळ पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाने पाठवावी, विषयाच्या ओळीत हस्तलिखित क्रमांक लिहावा, आणि त्याच सुमारास मार्गदर्शकांनी वेगळी ई-मेल पाठवलेली नाही याची खात्री करून घ्यावी.